शेजाऱ्याच्या चतुःसीमेत

पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी दुपारी लेख वगळण्यात आला. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात तो अकरा दिवस होता. कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती : ‘विषयाची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, स्वतंत्र प्रकाशित स्रोत नाहीत.’

लेख माजलगावच्या एका किराणा दुकानदारावर होता आणि तो मी लिहिला होता. तालुक्यात ब्रॉडबँड येऊन दुसरं वर्ष चालू होतं. बीडहून निघणाऱ्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून तोपर्यंत माझी सतरा वर्षं झाली होती.

दुकानदाराला सगळे आप्पा म्हणत. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. गूळ, पेंड, सुतळी, काड्यापेट्या असा माल. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, समोर तराजू. त्यांची शाळा निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाली होती. मराठवाड्यातले जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत आणि ते वाचणारी माणसं एकेक करून गेली. सिंदफणेवर धरण झालं, गावं उठली, तेव्हा ज्याच्या त्याच्या पेटीतून हे कागद बाहेर आले. जमीन आपली होती हे सांगायला प्रत्येकाला कागद लागत होता आणि कागदात काय लिहिलंय हे कोणालाच कळत नव्हतं. आप्पांना कळत होतं. ते वाचून सांगत, ज्याचं काम तो लिहून घेई. हे काम त्यांनी तीस वर्षांहून जास्त केलं. कोणाकडून काही घेतलं नाही, हे मी त्यांच्याकडून ऐकलेलं नाही. ज्यांनी कागद वाचून घेतले त्यांच्याकडून ऐकलं आहे.

त्यांच्या दोन अटी होत्या. पहिली, ते कुठेही सही करत नसत. सही केली की साक्षीला बोलावणं येतं, साक्षीला गेलं की दुकान बंद राहतं. दुसरी अट वेगळी होती. ज्याचा कागद असेल त्याचे दोन तरी बांधशेजारी समोर बसल्याशिवाय ते कागदाची घडी उघडत नसत. कारण जमिनीच्या कागदात चतुःसीमा लिहिलेली असते : पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, उत्तरेस तमक्याची विहीर. कागद मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक सीमेला त्या बाजूच्या शेजाऱ्याने ‘हाय’ म्हणायचं. सगळे ‘हाय’ म्हणाले की आप्पा पुढची ओळ वाचत. शेजारी आले नाहीत तर कागद तसाच परत जाई, मग आणणारा कोणीही असो.

चकलांब्याकडच्या एका मेंढपाळाची हकिकत लेखात होती, कारण तिच्यातून आप्पांची रीत समजत होती. त्या घराचं शेत पिढ्यानपिढ्या वहितीत होतं, पण कागद नव्हता. मोजणीवाले आले त्या हंगामात घरची सगळी माणसं मेंढरं घेऊन बाहेर होती. मोजणी झाली, नाव लागलं नाही. पुढे त्या शेतावर दुसऱ्याने हक्क सांगितला तेव्हा मेंढपाळ आप्पांकडे आला आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नाही म्हणाला. आप्पांनी त्याला शेजाऱ्यांचे कागद आणायला लावलं. पाच शेजाऱ्यांचे पाच कागद आले. त्यातल्या चार कागदांच्या चतुःसीमेत, कुठे दक्षिणेला, कुठे पश्चिमेला, मेंढपाळाच्या आजोबांचं नाव होतं. त्यांचं शेत स्वतःच्या कागदात कुठेच नव्हतं, चार शेजाऱ्यांच्या कागदांत होतं. दावा मेंढपाळाच्या बाजूने लागला. निकालाची नक्कल मी पाहिली आहे. तिच्यात आप्पांचं नाव नाही.

त्या मेंढपाळाच्या मुलाने पुढे बसस्टँडजवळ पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ टाकलं. मोबाइल आले, बूथ ओस पडलं, तेव्हा तिथेच त्याने चार संगणक मांडून नेट कॅफे केला. मी बातम्या तिथूनच पाठवायचो. ज्ञानकोशात कोणीही लिहू शकतं हे त्यानेच मला दाखवलं.

लेख लिहिण्याचं कारण असं. त्या वर्षी आप्पांची नजर काचबिंदूने गेली. वाचन बंद झालं. बातमीदाराने अशा वेळी नोंद करायची असते, म्हणून मी आमच्या दैनिकाच्या जुन्या फायली काढल्या. धरणग्रस्त, जमिनीचे दावे, जुने कागद या विषयांवर मी दिलेल्या बातम्या शोधल्या. चौदा बातम्यांत आप्पांनी सांगितलेली माहिती होती. चौदाही ठिकाणी ‘एका जाणकाराने सांगितले’ असं छापलं होतं.

हा आमच्या डेस्कचा, म्हणजे बातम्या तपासून छापायला देणाऱ्यांचा, नियम होता. दुकानदाराचं नाव बातमीत आलं की ती जाहिरात होते. पहिल्या दोन बातम्यांत मी नाव दिलं होतं, ते डेस्कने काढलं. तिसऱ्या बातमीपासून मीच ‘जाणकार’ लिहू लागलो. काढण्याचं काम डेस्कला उरलं नाही.

म्हणून हा लेख. आप्पा आहेत तोवर त्यांचं नाव, त्यांच्या कामासकट, कुठेतरी छापलेलं असावं एवढाच हेतू होता.

लेख टाकल्यावर चौथ्या दिवशी त्याच्या माथ्यावर पिवळी चौकट आली. ज्ञानकोशात लेख ठेवण्या-वगळण्याचे अधिकार असलेल्यांना प्रचालक म्हणतात. एका प्रचालकाने लिहिलं होतं की विषय उल्लेखनीय आहे हे दाखवणारे स्वतंत्र स्रोत सात दिवसांत द्यावेत, नाहीतर लेख वगळण्यात येईल. प्रचालकाचं खरं नाव मला माहीत नाही, गावही नाही. भाषा सभ्य होती.

प्रत्येक लेखाला वाद घालण्यासाठी एक चर्चापान असतं, तिथे मी चौदा कात्रणं स्कॅन करून दिली. प्रचालकांचं उत्तर आलं : या बातम्यांमध्ये सदर व्यक्तीचा उल्लेख नाही. मी लिहिलं, तो ‘जाणकार’ म्हणजेच ही व्यक्ती, बातम्या माझ्याच आहेत. त्यावर उत्तर आलं : आपले स्वतःचे सांगणे हा स्रोत होऊ शकत नाही.

कोणी येऊन ‘मला माहीत आहे’ म्हणालं तर त्यावर बातमी करायची नाही, हे मीही सतरा वर्षं पाळत आलो होतो. नियम बरोबर होता. पण नियम बरोबर असला म्हणून निष्कर्ष बरोबर ठरत नाही, हे मी चर्चेत लिहिलं. कागद नसणं आणि माणूस नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असंही लिहिलं.

मुदतीचे चार दिवस गेले होते. कॅफेवाल्याने चर्चा माझ्या खांद्यावरून वाचली आणि विचारलं, “म्हंजे ह्यांना पंच पायजेत?”

मी म्हणालो, पंच नाही, छापील पुरावा पाहिजे. त्याने मान हलवली. ती होकाराची होती असं मी धरलं. तिथे माझी चूक झाली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. अकराच्या सुमारास कॅफेसमोर एक ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत धरणामुळे उठलेल्या गावांतली माणसं होती, शिवाय चकलांब्याकडची पाच-सहा. ज्यांचे कागद आप्पांनी वाचले ते, आणि त्या वेळी समोर बसून ‘हाय’ म्हणणारे त्यांचे शेजारी. मी तेव्हा तहसीलमध्ये होतो. पोचलो तेव्हा चारही संगणकांसमोर रांगा होत्या आणि कॅफेवाला एकेकाचं खातं उघडून देत होता. ज्ञानकोशात खात्याला कोणतंही टोपणनाव चालतं. या माणसांनी पूर्ण नाव, गाव आणि गट नंबर दिला होता. पंचाने आपली ओळख अशीच द्यायची असते.

सत्तरीच्या एका बाईंनी अंगठा कुठे करायचा ते विचारलं. कॅफेवाल्याने माउस पुढे केला. “ह्याच्यावर, मावशी. पन दाबा नीट, उगं उमटला न्हाई म्हनतील.”

मी त्याला बाजूला घेतलं आणि हे काय चाललंय ते विचारलं.

“साक्ष,” तो म्हणाला. “तुमी येकलेच भांडायलाव. येकट्याचं कोन ऐकतं?”

“सगळ्यांनी काय लिहिलंय?”

“सारखंच. फरक पडला तर साक्ष फुटली म्हनतेत.”

ते खरं होतं. पंचनाम्यात पंचांच्या म्हणण्यात फरक पडला तर पंचनामा पडतो, हे या भागात लहान-थोर सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे तोच मजकूर होता : ‘लेख ठेवा. मी या माणसाला ओळखतो. मी शेजारी आहे.’ बायकांच्या नावापुढेही ‘ओळखतो’ असंच होतं, कारण मजकूर एकदाच टाइप केलेला होता.

दुपारी दोनपर्यंत एकतीस खाती झाली. मग ट्रॉली बाजाराला गेली.

संध्याकाळी प्रचालकांची नोंद आली. एकाच जोडणीवरून, तीन तासांत, एकाच मजकुराची एकतीस नवी खाती उघडली आहेत. ही कळसूत्री खाती आहेत, म्हणजे एकाच माणसाने नाचवलेली. सगळी खाती कायमची बंद करण्यात आली. माझं खातंही त्याच जोडणीवरचं असल्याने एक महिन्यासाठी बंद झालं. स्वतःच्या चर्चापानावर लिहायची तेवढी मुभा राहिली. ठरल्या मुदतीला, सोमवारी, लेख वगळला गेला.

त्याच दिवशी प्रचालकांनी मला लिहिलं. खाती आपण उघडली हे मान्य करून पुन्हा तसं करणार नाही असं लिहून दिल्यास बंदी तत्काळ उठवता येईल. पद्धत अशीच होती, माझ्यासाठी वेगळी काढलेली नव्हती.

मी उत्तर दिलं ते असं होतं : ‘एकतीस खाती एकतीस माणसांची आहेत. प्रत्येकाचं नाव, गाव आणि गट नंबर त्यांनी स्वतः दिला आहे. एका जोडणीवरून आली, कारण गावात बसायला जागा असलेली तेवढीच जोडणी आहे. मजकूर सारखा आहे, कारण इकडे साक्ष सारखीच द्यावी लागते. त्यांनी आपले नियम मोडले हे मान्य. ती माणसं खोटी आहेत हे मान्य नाही आणि मी तसं लिहून देणार नाही. बंदी राहू द्यावी.’

बंदी राहिली.

मंगळवारी मी आणि कॅफेवाला आप्पांच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर सून बसली होती. आप्पा आत पोत्याला टेकून बसले होते. आवाजावरून त्यांनी आम्हाला ओळखलं.

“काढलं म्हनं मला,” ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

“कावून?”

मी सांगितलं, कागद नाही म्हणतात.

ते म्हणाले, “बराबर हाय त्याचं. मीबी कागदाबिगर कुनाला हुबं केलं न्हाई.”

कॅफेवाल्याला हे आवडलं नाही. एकतीस जण गेले होते, त्यांची साक्ष पायाखाली घातली, असं तो तावातावाने सांगू लागला. आप्पांनी त्याला मध्येच थांबवलं.

“येका ट्रॉलीत येकतीस पंच कोन नेतं बे? मी तहसीलदार असतो तर म्हनलो असतो, हे समदे जेवायला आलेत.”

सुनेने गल्ल्यावरून तोंडाला पदर लावला. मग आप्पांनी माझ्याकडे तोंड केलं आणि मी त्यांना कुठे कुठे शोधलं ते विचारलं. मी सांगितलं : आमच्या पेपरच्या फायलींत, कोर्टाच्या निकालांत, त्यांच्या दुकानातल्या पेटीत.

“म्हंजे माझ्याच दप्तरात. ह्याच्या पणज्याचं नाव कुठं घावलं व्हतं?”

“शेजाऱ्यांच्या कागदात.”

“मंग?” ते म्हणाले. “शेजाऱ्याचं दप्तर काढा की.”

पुढचे बावीस दिवस मी तेच केलं. आप्पांवर कोणी काही लिहिलंय का, हा प्रश्न सोडून दिला. उठलेल्या गावांनी स्वतःबद्दल काय छापलंय, एवढंच पाहायचं ठरवलं. बातम्यांच्या निमित्ताने जायचं होतंच. पुनर्वसन झालेल्या पाच गावांत गेलो. देवळाच्या जीर्णोद्धाराची पत्रकं, सोसायटीचे अहवाल, सप्त्याच्या पत्रिका, शाळांची हस्तलिखितं पाहिली. हस्तलिखितं उपयोगाची नव्हती, कारण ती छापलेली नव्हती. एका पत्रकात ‘माजलगावचे आप्पा’ एवढा उल्लेख मिळाला. माजलगावात आप्पा बरेच आहेत, म्हणून तो सोडला.

पाचव्या गावात शाळेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका होती. वाचनालयाच्या कपाटात तीन प्रती होत्या, एका प्रतीचं मलपृष्ठ उंदरांनी खाल्लेलं. आत निवृत्त मुख्याध्यापकांचा लेख होता, जुनं गाव उठून नवं कसं बसलं यावर. त्रेचाळिसाव्या पानावर आप्पांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, आणि धंदा. पुढे वाक्य होतं : ‘यांनी आमचे उर्दू कागद वाचून दिले व वाचताना आमचे शेजारी समोर बसविले, त्यामुळे नव्या गावठाणात आमच्यात तंटा झाला नाही.’

मुख्याध्यापक वारले होते. त्यांची माझी ओळख नव्हती. स्मरणिका मी लेख लिहिण्याच्या सात वर्षं आधी छापलेली होती, मुद्रणालयाचं नाव शेवटच्या पानावर होतं. आप्पांना ती असल्याचं माहीत नव्हतं. स्रोत स्वतंत्र होता आणि प्रकाशित होता.

एका वाक्यावर लेख उभा राहत नाही, हे चर्चेवरून मला कळलं होतं. पण ज्ञानकोशाचे नियम मी तोपर्यंत पूर्ण वाचले होते. उल्लेखनीयता लागते ती लेखाच्या विषयाला. लेखाच्या आतल्या वाक्याला फक्त आधार लागतो. आणि पाण्याखाली गेलेल्या त्या गावावर ज्ञानकोशात आधीपासून लेख होता, चार ओळींचा, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला. तो वगळण्याची सूचना कोणी केली नव्हती.

बंदी संपली त्या दिवशी सकाळी मी त्या लेखात एक वाक्य घातलं. आप्पांचं नाव, धंदा, त्यांनी गावाचे उर्दू कागद शेजाऱ्यांसमोर वाचून दिल्याची माहिती. खाली तळटीप : स्मरणिका, लेखक, पान त्रेचाळीस. विशेषण एकही नव्हतं.

दोन दिवसांनी त्याच प्रचालकांनी ते वाक्य काढलं. कारण : व्यक्तीची प्रसिद्धी.

मी वाक्य परत टाकलं नाही. चर्चापानावर लिहिलं की स्मरणिकेच्या दोन पूर्ण प्रती शाळेच्या वाचनालयात आहेत, कोणालाही पाहता येतील. त्या पानाची प्रतिमा सोबत आहे. हे वाक्य कोणत्या नियमाने बसत नाही तो नियम दाखवावा, मी त्या नियमाने उत्तर देईन. आणि हे वाक्य मी सोडणार नाही, हेही लिहिलं. दर आठवड्याला हाच प्रश्न याच पानावर विचारीन, नव्या खात्याने नाही, याच नावाने.

पहिल्या आठवड्याला उत्तर आलं नाही. मी प्रश्न पुन्हा टाकला. दुसऱ्या आठवड्याला आलं नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर प्रचालकांनी वाक्य स्वतः परत घातलं. तळटिपेची मांडणी मी चुकवली होती, तीही दुरुस्त केली. चर्चापानावर दोन शब्द होते : ‘स्रोत पाहिला.’

मी आप्पांना सांगायला गेलो. त्यांनी वाक्य दोनदा वाचायला लावलं. नंतर विचारलं, “वरल्या वळीत काय हाय?”

“धरणात कोणत्या सालापासून पाणी अडवलं ते.”

“अन खालच्या?”

“नव्या गावातली शाळा.”

“हाय,” आप्पा म्हणाले.

कॅफेवाला दारात उभा होता. तोही ‘हाय’ म्हणाला.

आमच्या दैनिकात त्यानंतर मी ‘एका जाणकाराने’ हे शब्द लिहिलेले नाहीत. डेस्क काही नावं काढतं, मी पुढच्या बातमीत ती पुन्हा देतो. पुढच्या उन्हाळ्यात आप्पा वारले. बातमी मीच दिली. डेस्कने दुकानाचा उल्लेख काढला, माणसाचं नाव ठेवलं.

एकतीस खाती अजून बंद आहेत. वगळलेला लेख परत आलेला नाही. ज्या नावावर ज्ञानकोशात लेख नसतो त्या नावाला दुवा दिला की ते लाल रंगात दिसतं. गावाच्या लेखातलं आप्पांचं नाव नंतर कोणीतरी दुव्यात घातलं, कोणी ते मी शोधलेलं नाही. ते लाल दिसतं. वर धरणाची ओळ आहे, खाली शाळेची. आज सकाळी सहा वाजता पाहिलं तेव्हा वाक्य तिथे होतं.